वजिराच्या प्याद्याचा प्रारंभ : प्रारंभशास्त्रातील अलीकडील बदल आणि ग्रामीण महाविद्यालयीन खेळाडू

सारांश

बुद्धिबळात पांढऱ्याने वजिरासमोरील प्यादे दोन घरे पुढे सरकवून केलेल्या सुरुवातीला वजिराच्या प्याद्याचा प्रारंभ म्हणतात. गेल्या दहा-बारा वर्षांत संगणकीय विश्लेषणामुळे या प्रारंभाच्या अभ्यासाचे स्वरूप पालटले आहे. पाठ केलेल्या दीर्घ चालींचे मोल कमी झाले असून प्याद्यांच्या रचनेच्या आकलनाचे मोल वाढले आहे. प्रस्तुत लेखात या बदलाची कारणे, त्यातील ठळक प्रवाह आणि देऊळघाटसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन खेळाडूच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : बुद्धिबळ, प्रारंभशास्त्र, क्वीन्स गॅम्बिट, लंडन पद्धती, प्याद्यांची रचना, संगणकीय विश्लेषण.

१. प्रस्तावना

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपी हिचा पराभव करून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबरच ग्रँडमास्टर हा किताबही मिळविला. अंतिम फेरीतील दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले व जलद डावांत निकाल लागला. त्यातील पहिल्या पारंपरिक डावात दिव्याकडे पांढरी मोहरी होती आणि पटावर अवतरला तो 'क्वीन्स गॅम्बिट अ‍ॅक्सेप्टेड' हा प्रारंभ. बुद्धिबळाच्या अतिशय जुन्या प्रारंभांपैकी एक असलेली ही मांडणी एकविसाव्या शतकातील विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पुन्हा खेळली जावी, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

मराठी मुलखातील बुद्धिबळाचा इतिहास पाहता हे यश भौगोलिक दृष्टीनेही लक्षणीय ठरते. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते होते. १९८१ मध्ये रोहिणी खाडिलकर यांनी आशियाई महिला विजेतेपद पटकावले. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये, तर अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले. मात्र दीर्घकाळ ही परंपरा प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या आश्रयाने वाढली. पुढे नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या यांनी तिची कक्षा रुंदावली. नागपूर हे विदर्भाचे एक टोक, तर बुलढाणा जिल्हा दुसरे. ही कक्षा बुलढाणा शहराजवळील देऊळघाटसारख्या गावापर्यंत पोहोचू शकेल काय, हा प्रश्न प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रारंभशास्त्रात झालेल्या बदलांमध्ये या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग दडलेला आहे.

२. वजिराच्या प्याद्याच्या प्रारंभाचे स्वरूप

बुद्धिबळाच्या पटावरील उभ्या स्तंभांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या रांगांना १ ते ८ हे अंक दिलेले असतात. पांढऱ्याचा वजीर डी१ या घरात उभा असतो. त्याच्यासमोरील प्यादे डी४ वर गेले की वजिराच्या प्याद्याचा प्रारंभ झाला. राजासमोरील प्यादे ई४ वर नेले तर ते आरंभी निराधार असते. डी४ वरील प्याद्याला मात्र पाठीमागील वजिराचा आधार पहिल्या क्षणापासून लाभतो. त्यामुळे या प्रारंभातील डाव सहसा सावकाश उलगडतात आणि पटाच्या मध्यभागावरील ताण दीर्घकाळ टिकून राहतो.

काळ्याने डी५ असे उत्तर दिल्यावर पांढरा सी४ खेळून आपले एक प्यादे पुढे करतो. हाच क्वीन्स गॅम्बिट होय. गॅम्बिट म्हणजे काही लाभाच्या अपेक्षेने देऊ केलेले मोहरे. परंतु येथील दान बरेचसे नाममात्र आहे. काळ्याने ते प्यादे घेतले तरी पांढऱ्याला बहुतेक वेळा ते परत मिळविता येते. काळ्याचे ते प्यादे टिकविण्याच्या नादात वजिराच्या बाजूची त्याची रचना खिळखिळी होते. म्हणून काळ्यापुढे प्रमुख पर्याय तीन राहतात : प्यादे घेऊन ते यथावकाश परत देणे, ई६ खेळून मध्य भक्कम करणे, किंवा सी६ खेळून 'स्लाव्ह' बचाव स्वीकारणे.

डी४ ला डी५ ने उत्तर न देता घोडा एफ६ वर आणण्याची रीतही आहे. या पद्धतीतून निघणाऱ्या बचावांना 'इंडियन' हे नाव मिळाले, त्यामागे भारतीय खेळाडूंची परंपरा आहे. देशी बुद्धिबळात प्यादे सर्वसाधारणपणे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे. साहजिकच प्यादी हळूहळू सरकविणे, उंट कोपऱ्यातून दूरवर रोखणे आणि प्रतिस्पर्ध्याला मध्यभाग व्यापू देऊन मग त्यावर प्रहार करणे हा येथील खेळाडूंचा स्वभाव होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रन या ब्रिटिश खेळाडूविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी यांनी खेळलेल्या डावांत ही शैली स्पष्ट दिसते. १८५५ मधील त्यांच्या एका डावात आज 'ग्रुनफेल्ड' या नावाने ओळखली जाणारी मांडणी ग्रुनफेल्डच्या जन्मापूर्वीच पटावर आली होती.

३. पाठांतराच्या युगाची परंपरा

१८३४ मध्ये लंडन येथे ला बुर्दोने व मॅकडॉनेल यांच्यात झालेल्या डावांत क्वीन्स गॅम्बिट अनेकदा खेळला गेला. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्स येथे कापाब्लांका व अल्येखिन यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील ३४ डावांपैकी तब्बल ३२ डाव क्वीन्स गॅम्बिट नाकारण्याच्या पद्धतीचे होते. या काळापासून प्रारंभाचा अभ्यास हे एक स्वतंत्र शास्त्र बनत गेले.

पुढे या शास्त्राला ग्रंथरूप मिळाले. १९६६ पासून बेलग्रेड येथून 'इन्फॉर्मेटर' प्रसिद्ध होऊ लागला आणि १९७४ पासून प्रारंभांचा पंचखंडात्मक कोश आकारास आला. त्यातील 'डी' व 'ई' हे दोन खंड वजिराच्या प्याद्याच्या प्रारंभांना वाहिलेले होते. हे ग्रंथ परदेशी, महाग आणि दुर्मीळ होते. ज्याच्या हाती नवा खंड, त्याच्या हाती नवी चाल, अशी स्थिती होती. विसाव्या-बाविसाव्या चालीला तयार ठेवलेल्या एखाद्या नावीन्याने डाव जिंकता येत असे.

या युगाचा एक तेजस्वी नमुना म्हणजे २००८ मधील बॉन येथील जगज्जेतेपदाची लढत. विश्वनाथन आनंद हा तोपर्यंत मुख्यतः ई४ खेळणारा खेळाडू होता. त्याने क्रामनिकविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी डी४ चा अवलंब केला. काळ्या मोहऱ्यांनी तिसऱ्या व पाचव्या डावांत 'मेरान' प्रकारात आधीच कसून तपासलेली गुंतागुंतीची मांडणी पटावर आणून त्याने दोन विजय मिळविले. लढत आनंदने ६.५-४.५ अशी जिंकली. तयारीच्या बळावर लढतीचे पारडे कसे फिरविता येते, याचे ते उत्तम उदाहरण होते.

४. संगणकाने घडविलेले परिवर्तन

डिसेंबर २०१७ मध्ये 'डीपमाइंड' या संस्थेने 'अल्फाझिरो' या प्रणालीची माहिती प्रसिद्ध केली. तिला केवळ खेळाचे नियम शिकविण्यात आले होते. ग्रंथातील एकही प्रारंभ दिला नव्हता. स्वतःशीच असंख्य डाव खेळून ती शिकली आणि त्या काळच्या बलाढ्य 'स्टॉकफिश'विरुद्ध १०० डावांपैकी २८ जिंकून उरलेले ७२ बरोबरीत सोडविले. या शिक्षणाच्या ओघात तिने जे प्रारंभ आपलेसे केले, त्यात क्वीन्स गॅम्बिट ठळक होता. मानवाने कित्येक शतकांच्या अनुभवातून जे निवडले, तेच यंत्राने शून्यातून निवडावे, हा जुन्या ज्ञानाला मिळालेला अनपेक्षित दुजोरा होय.

तथापि अल्फाझिरोची खेळण्याची रीत वेगळी होती. 'क्वीन्स इंडियन' बचावात डी५ वर प्यादे बळी देऊन काळ्याची मोहरी दीर्घकाळ जखडून टाकणारे तिचे डाव विशेष गाजले. ही कल्पना पूर्णतः नवी नव्हती. १९८० मध्ये पोलुगायेव्स्कीने कोर्चनॉयविरुद्ध ती वापरली होती. परंतु एका प्याद्याच्या मोबदल्यात मिळणारा मोहऱ्यांचा मुक्त संचार किती टिकाऊ असतो, हे यंत्राने नव्याने दाखवून दिले.

सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिशच्या बाराव्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्कवर आधारित मूल्यांकनाचा समावेश झाला. ही प्रणाली विनामूल्य आहे आणि साध्या मोबाईलवरही चालते. याचे दोन परिणाम संभवले. एक, उच्च पातळीवरील कोणतीही तयारी फार काळ गुप्त राहत नाही. दोन, काळ्याने अचूक खेळ केल्यास बहुतेक मान्यवर बचावांत डाव समतोल राहतो, हे सर्वांना कळून चुकले. 'प्रारंभातच वरचढ स्थिती मिळविणे' हे जुने ध्येय त्यामुळे मागे पडले आणि 'प्रतिस्पर्ध्याला अपरिचित, परंतु आपल्याला उमजलेली स्थिती मिळविणे' हे नवे ध्येय पुढे आले.

५. अलीकडील ठळक प्रवाह

५.१ सी४ शिवाय डी४ : पांढऱ्याने सी४ ही चाल टाळून किंवा लांबवून खेळणे हा पहिला प्रवाह होय. यातील सर्वांत लोकप्रिय म्हणजे लंडन पद्धती. तिचे नाव १९२२ च्या लंडन येथील स्पर्धेवरून आले. यात पांढरा आपला काळ्या घरातील उंट एफ४ वर आधी बाहेर काढतो आणि नंतर ई३ खेळतो, जेणेकरून तो उंट प्याद्यांच्या मागे कोंडला जाऊ नये. एकेकाळी ही पद्धती हौशी खेळाडूंची समजली जाई. २०१६ मध्ये वाइक आन झी येथे मॅग्नस कार्लसनने तोमाशेव्स्कीला याच पद्धतीने नमविले. त्याच वर्षी कार्याकिनविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील पहिल्याच डावात त्याने दुसऱ्या चालीला उंट जी५ वर नेणारी 'त्रोम्पोव्स्की' पद्धती वापरली. घोडा सी३ वर आणून उंट एफ४ वर काढण्याच्या पद्धतीला जॉर्जियाच्या बादूर जोबावाचे नाव मिळाले आहे.

२०२३ मधील अस्ताना येथील लढत या संदर्भात अभ्यासनीय आहे. दिंग लिरेनने सहाव्या डावात लंडन पद्धती आणि बाराव्या डावात त्याहूनही साधी मानली जाणारी 'कोले' पद्धती वापरली. दोन्ही वेळा तो एका गुणाने पिछाडीवर होता आणि दोन्ही वेळा जिंकून त्याने बरोबरी साधली. अखेर जलद डावांत तो जगज्जेता झाला. मात्र याच लढतीच्या दुसऱ्या डावात त्याने चौथ्या चालीला एच३ ही अनपेक्षित खेळी केली आणि तो डाव त्याने पांढऱ्या मोहऱ्यांनी गमावला. नावीन्य हे स्वतः यश देत नाही. त्यातून उद्भवणारी स्थिती खेळाडूला उमजलेली असावी लागते, हा यातील बोध आहे.

५.२ जुन्या रचनेत नवा आशय : दुसरा प्रवाह क्वीन्स गॅम्बिटमधील 'एक्स्चेंज' प्रकाराच्या पुनरुज्जीवनाचा आहे. यात पांढरा डी५ वर प्याद्यांची अदलाबदल करतो आणि 'कार्ल्सबाड' नावाची रचना तयार होते. पांढऱ्याकडे सी, तर काळ्याकडे ई हा अर्धखुला स्तंभ येतो. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन आणि काळ्याची तीन प्यादी असतात. पांढरा बी४ व पुढे बी५ खेळून या तीन प्याद्यांच्या साखळीत कायमचे वैगुण्य निर्माण करू पाहतो. यालाच 'अल्पसंख्याकांचा हल्ला' म्हणतात. संख्येने कमी असलेली प्यादी येथे आक्रमक ठरतात.

सिंगापूर येथील २०२४ च्या लढतीत २७ नोव्हेंबर रोजी झालेल्या तिसऱ्या डावात डी. गुकेशने दिंगविरुद्ध हाच प्रकार निवडला. पण ठरावीक वाट सोडून. त्याने वजीर सी२ वर आणून काळ्याच्या उंटाला एफ५ हे घर सहजासहजी मिळू दिले नाही. दिंगने जी६ खेळून उंटासाठी वाट केली, तेव्हा गुकेशने नवव्या चालीला राजाच्या बाजूचे जी प्यादे दोन घरे पुढे लोटले. काळ्याचा उंट पुढे पांढऱ्याच्या गोटात जाऊन अडकला आणि ३७ व्या चालीला डाव संपला. रचना जुनीच होती. पण राजाच्या बाजूचे प्यादे इतक्या लवकर पुढे लोटण्याची निर्भयता नव्या काळाची होती.

५.३ कडेच्या प्याद्यांची आगेकूच : 'कडेची प्यादी विनाकारण हलवू नयेत' हा नवशिक्यांना दिला जाणारा पहिला धडा. अल्फाझिरोच्या डावांत एच स्तंभातील प्यादे थेट एच६ पर्यंत गेलेले वारंवार दिसले. ते प्यादे तेथे रुतून बसले की काळ्याचा राजा जन्मभर कोंडलेला राहतो. याचा परिणाम म्हणून काळा ग्रुनफेल्ड वा किंग्ज इंडियन बचावासाठी जी६ खेळला की तिसऱ्याच चालीला एच४ खेळण्याची रीत रूढ झाली. धडा खोटा ठरला असे नव्हे. 'विनाकारण' या शब्दाचा अर्थ अधिक नेमका झाला.

५.४ काळ्याच्या बाजूने झालेले बदल : काळ्याच्या बचावांचेही नव्याने मूल्यमापन झाले. १९६९ मध्ये स्पास्कीने पेत्रोस्यानविरुद्ध डी५ या खेळीने मिळविलेल्या प्रसिद्ध विजयानंतर 'सेमी-तार्राश' बचाव काळ्यासाठी धोक्याचा मानला जाई. संगणकाने त्यातील अचूक प्रत्युत्तरे दाखविल्यामुळे तो पुन्हा प्रतिष्ठित झाला. क्वीन्स गॅम्बिट स्वीकारण्याची पद्धतीही उच्च पातळीवर परतली. याउलट, किंग्ज इंडियन व बेनोनी या बचावांत संगणक पांढऱ्याला स्पष्ट वरचढ मानतो. त्यामुळे अव्वल खेळाडू ते जपून वापरतात. तथापि संगणकाने दाखविलेली वरचढ स्थिती प्रत्यक्ष पटावर टिकविणे मानवाला अवघड असते. महाविद्यालयीन पातळीवर हे बचाव त्याज्य ठरत नाहीत.

६. महाविद्यालयीन खेळाडूच्या दृष्टीने

बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ निवडताना क्रीडा विभागाला बहुधा स्वतंत्र प्रशिक्षक उपलब्ध नसतो. पूर्वी या उणिवेला ग्रंथांच्या दुर्मीळतेची जोड होती. आता देऊळघाटच्या विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये असलेले स्टॉकफिश आणि जगज्जेत्याच्या अभ्यासिकेतील स्टॉकफिश यांत मूलभूत फरक नाही. 'लिचेस'सारख्या संकेतस्थळावर लक्षावधी डावांचा संग्रह विनामूल्य पाहता येतो. ज्ञानाच्या उपलब्धतेतील दरी फार मोठ्या प्रमाणात बुजली आहे.

मात्र येथेच एक धोका संभवतो. यंत्र चाल सांगते, कारण सांगत नाही. विद्यार्थी यंत्राची पहिली पसंती पाठ करतो, प्रतिस्पर्धी सहाव्या चालीला वाट सोडतो आणि पाठांतर निरुपयोगी होते. परीक्षेत प्रश्न फिरवून विचारल्यावर मार्गदर्शिका घोकलेल्या विद्यार्थ्याची जी अवस्था होते, तीच ही. म्हणून दरी बुजली असली तरी ती ओलांडण्यासाठी 'का?' हा प्रश्न विचारणारा कोणी तरी लागतो. तो बुद्धिबळाचा तज्ज्ञच असला पाहिजे असे नाही. ही भूमिका कोणत्याही विषयाचा प्राध्यापक पार पाडू शकतो.

या दृष्टीने अभ्यासाचा पुढील क्रम उपयुक्त ठरावा. प्रथम, विद्यार्थ्याने एकच प्रारंभ निवडावा. लंडन पद्धती आणि एक्स्चेंज प्रकार यांपैकी कोणताही त्यासाठी योग्य आहे. विशेष म्हणजे लंडन पद्धतीत काळा सी५ खेळून डी४ वर अदलाबदल करतो, तेव्हा कार्ल्सबाड रचनाच रंग बदलून समोर येते. दिंगच्या सहाव्या डावात नेमके हेच घडले होते. एका रचनेचा अभ्यास अशा प्रकारे दोन्ही रंगांना उपयोगी पडतो. दुसरे, त्या रचनेतील मोजके आदर्श डाव यंत्राविना, पटावर मांडून पाहावेत आणि प्रत्येक महत्त्वाच्या चालीचे कारण मराठीत, एका वाक्यात लिहून काढावे. तिसरे, स्वतः खेळलेल्या डावांतील प्रारंभ कोठे बिघडला हे आधी स्वतः शोधावे. यंत्राकडे सर्वांत शेवटी, उत्तर ताडून पाहण्यासाठी जावे. ज्याला कारण लिहिता येत नाही, त्याला चाल उमजलेली नाही, हा साधा निकष येथे पुरेसा आहे.

७. निष्कर्ष

वजिराच्या प्याद्याच्या प्रारंभातील अलीकडील घडामोडींवरून तीन बाबी स्पष्ट होतात. संगणकाने जुने प्रारंभ मोडीत काढले नाहीत, तर त्यांतील कोणता भाग सवयीचा होता आणि कोणता सत्याचा, हे वेगळे करून दाखविले. प्रारंभात केवळ पाठांतराने मिळणारा लाभ आटला आहे, त्यामुळे रचनेच्या आकलनाला पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले आहे. आणि ज्ञानाची साधने सर्वदूर पोहोचल्यामुळे उणीव आता ग्रंथांची राहिली नसून मार्गदर्शनाची आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारताच्या खुल्या व महिला अशा दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळविले. विदित गुजराथी आणि दिव्या देशमुख त्यात सहभागी होते आणि महिला संघाचे कर्णधारपद अभिजित कुंटे यांच्याकडे होते. या यशाच्या मुळाशी वैयक्तिक प्रतिभा आहेच. पण प्रत्येक खेळाडूच्या मागे घरातील वा बाहेरील कोणी तरी वडीलधारा मार्गदर्शकही उभा राहिलेला आहे. देऊळघाटच्या विद्यार्थ्याजवळ आज पट आहे, मोबाईल आहे आणि जगातील सर्वोत्तम विश्लेषक यंत्र आहे. त्याच्या शेजारी बसून "ही चाल तू का केलीस?" असे विचारणारा शिक्षक त्याला महाविद्यालयातच मिळाला, तर प्रारंभशास्त्रातील या परिवर्तनाचा लाभ खऱ्या अर्थाने गावापर्यंत पोहोचेल.